चार मोजून

"बीप वाजली की लगेच तुटून पडायचं नाही. चार मोज. सावकाश, चालत्या पावलांसारखे. तेवढ्यात तिला श्वास घेऊ दे, मग ये."

मास्तरांचा हा आवाज मला अजून जसाच्या तसा ऐकू येतो. मास्तर म्हणजे आमच्या बँडमध्ये कीबोर्ड वाजवणारे, गाणी बांधणारे आणि बाकीच्यांना धाकात ठेवणारे. हे ते सांगायचे माझ्या भावाला. दादा ड्रम्सवर असायचा. त्याच्या कानांना हेडफोन, आणि त्यात मास्तरांच्या यंत्रातून एक बारीक बीप यायची. ती फक्त त्यालाच ऐकू जायची. बीप आली की मनात चार मोजायचे आणि मगच काठी खाली आणायची. ते चार आकडे आमच्या गायिकेचे. तेवढ्यात ती डोळे मिटून पोटभर श्वास घ्यायची. तिला आम्ही शिट्टी म्हणायचो. वरच्या पट्टीत तिचा आवाज गेला की अंगावर काटा यायचा. मी तिच्या मागे उभी राहून दुसरा आवाज धरायचे. बँडचं नाव 'उद्या संध्याकाळी', कारण तालीम कधी असं विचारलं की मास्तरांचं उत्तर ठरलेलं असायचं.

अकरा वर्षं वाजवलं. मग एका कार्यक्रमाच्या मध्यंतरात पडद्यामागे शिट्टी दादाला म्हणाली, "तुला माझं काही ऐकूच येत नाही. मी वर जाते आणि तू माझ्या अंगावरून गाडी नेतोस."

दादा काठ्या पुसत होता. मान वर न करता म्हणाला, "माझे कान शाबूत आहेत. तू आधी सुरात गा."

असं वाक्य गाणाऱ्या माणसाला बोलू नये. तिनं उरलेला कार्यक्रम पूर्ण केला, सगळ्यांना नमस्कार केला आणि घरी गेली ती गेलीच. सात वर्षं झाली.

बँड फुटल्यावर माणसांचं काय होतं, असं गिऱ्हाइकं मला अजून विचारतात. होतं काय? सकाळी उठून कामाला जातात. मास्तरांनी किल्ल्या बनवून द्यायचं छोटं दुकान टाकलं. शिट्टी पोहायला शिकवते. आता तिच्या गळ्यात खरीखुरी शिट्टी असते. माझं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे, पँटची उंची कमी करायची, चेन बदलायची, कंबर सैल करायची. बायका मापं देता देता मध्येच थबकतात आणि म्हणतात, "तुम्ही त्या मागे उभ्या राहायच्या ना?" मी म्हणते हो, आणि हात वर करायला सांगते. दादा शहर बस चालवतो. ड्रम्सपेक्षा त्याला ते मानवलं. इतकी माणसं पाठीमागे बसतात आणि एकही टाळी वाजवत नाही, याचंच त्याला सुख.

त्याच्या डेपोत दर दोन वर्षांनी ड्रायव्हरांची तपासणी होते. यंदा कानांसाठी नवीन यंत्र आणलं होतं. काचेच्या खोक्यात बसायचं, हेडफोन लावायचे आणि आवाज आला की हातातलं बटण दाबायचं. माणूस लागत नाही, यंत्रच सगळं टिपून घेतं. त्या यंत्रानं दादाच्या कागदावर लिहिलं, दोन्ही कानांना जवळजवळ काहीच ऐकू येत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो माझ्या दुकानात आला आणि गिऱ्हाइकांच्या स्टुलावर मटकन बसला.

"बारके, मी बहिरा झालोय."

"कधीपासून?"

"काल सकाळपासून. कागद आहे माझ्याकडे."

"मग आत्ता मी विचारलेलं कसं ऐकलंस?"

"ओठ वाचतोय बहुतेक. आपोआप येत असेल ते."

माझ्या तोंडात टाचण्या होत्या. "दादा, माझे ओठ मिटलेत," मी दातांतून म्हटलं.

त्यानं नीट निरखून पाहिलं. क्षणभर त्याचा चेहरा उजळला, मग पुन्हा पडला. "तू घरची आहेस. घरच्यांचं न ऐकताही कळतं."

त्याला हसावं की त्याच्या गळ्यात पडून रडावं, मला कळेना. पंधरा दिवस गाडीला हात लावायचा नव्हता. मग मोठ्या इस्पितळात दुसरी तपासणी, आणि तीही अशीच निघाली तर गाडी कायमची बंद. डेपोच्या खिडकीत बसून दुसऱ्यांच्या गाड्यांचे सुटे भाग काढून द्यायचे. वहिनीला त्यानं यातलं काहीच सांगितलं नव्हतं. डबा घेऊन वेळेवर निघाला होता आणि बागेत बसून आला होता, पुढेही रोज तेच करणार होता.

"तिला सांग ना."

"सांगेन. दुसरा कागद आला की एकदमच सांगेन." मग बराच वेळ तो कापडाच्या चिंध्या बोटाला गुंडाळत बसला. "शिट्टी म्हणाली होती ते खरं निघालं बघ. मला ऐकू येतच नव्हतं. आणि मी तिलाच बेसूर ठरवलं."

पुढच्या दिवसांत तो खरंच बहिऱ्यासारखा वागायला लागला. आपल्याला ऐकू येत नाही असं एकदा मनानं घेतलं की आलेलंही त्याच्यापर्यंत पोचेना. टीव्हीचा आवाज असा लावायचा की वरच्या मजल्यावरचे खाली यायचे. दहाव्या दिवशी वहिनीचा मला फोन.

"तुझ्या भावाचं काय बिनसलंय? काहीही विचारलं की नुसतं 'काय?' मी म्हटलं गॅस संपलाय, 'काय?' म्हटलं आईंचा गुडघा सुजलाय, 'काय?' शेवटी म्हटलं मी घर सोडून चाललेय, तर म्हणाले, 'बरं, लवकर ये.' "

मी हसले आणि लगेच गप्प झाले. खोटं बोलायचं नाही असं मी स्वतःशी ठरवलेलं आहे, आणि खरं सांगायला दादानं बंदी केलेली. "वहिनी, चार दिवस सांभाळून घे. मग मीच तुला सगळं सांगते," एवढंच म्हटलं.

तपासणीच्या दिवशी आम्ही दोघंच गेलो. बाकावर आमच्या आधी तीन माणसं होती. दादा भिंतीवरच्या कानाच्या चित्राकडे बघत होता. मी पिशवीच्या आत माळेवर हात ठेवून देवाचं नाव घेत होते. माझा रोजचा जप मागण्यासाठी नसतो. त्या दिवशी मात्र मी मागितलं, आणि अगदी स्पष्ट शब्दांत मागितलं.

"बारके," दादा एकदम म्हणाला, "ठीक निघालं ना, तर मी तिच्याकडे जाईन."

"कुणाकडे?"

"शिट्टीकडे. जाऊन सांगेन, तू सुरात होतीस. मग ती जे काय बोलेल ते ऐकून घेईन. मध्ये तोंड घालणार नाही."

"आणि ठीक नाही निघालं तर?"

"तर जाऊन काय उपयोग? ती काय बोलतेय ते कळायला तर पाहिजे."

त्याचं नाव पुकारलं गेलं. दोन हाका व्हाव्या लागल्या. पहिली त्याला ऐकू आली होती, मी पाहिलं. पण त्याचा स्वतःवर विश्वासच उरला नव्हता.

कानाच्या डॉक्टरबाई चटपटीत होत्या. दादाला काचेमागे बसवलं, हेडफोन लावले, हातात बटण दिलं. "आवाज आला की दाबायचं. कितीही बारीक असला तरी." मला त्यांनी बाहेर, स्वतःच्या शेजारच्या खुर्चीत बसू दिलं. बाई यंत्राची कळ दाबायच्या तेव्हा एक हिरवा दिवा लागायचा, म्हणजे आत आवाज गेला. दादानं बटण दाबलं की लाल दिवा.

हिरवा लागला. बाईंनी वाट पाहिली. काहीच नाही. त्या कागदावर खूण करायला वळल्या, तेवढ्यात लाल लागला. पुन्हा हिरवा. पुन्हा बराच वेळ शांत, आणि लाल. बाईंनी आवाज वाढवला, कमी केला, दुसऱ्या कानात दिला. तेच. त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"हे अंदाजाने दाबताहेत," त्या मला म्हणाल्या. "नोकरीच्या भीतीनं करतात काही जण. पण याचा उपयोग नसतो हो, उलट मला तसं लिहावं लागतं."

"दादा खोटेपणा करणार नाही."

"मी खोटेपणा म्हणत नाही. घाबरलेला माणूस काहीही करतो."

मी काचेतून बघत राहिले. दादा ताठ बसला होता, डोळे मिटलेले. हा चेहरा माझ्या ओळखीचा होता, पण कुठला ते आठवेना. मग माझी नजर खाली गेली. हिरवा लागला आणि त्याच्या उजव्या बुटाचं टोक हललं. एकदा. दोनदा. सावकाश, कोणी रस्त्यानं चालत असावं तसं. तिसऱ्यांदा. चौथ्यांदा. आणि अंगठा बटणावर.

मी खुर्चीतून उठलेच. "बाई, बाई थांबा, काही लिहू नका! तो मोजतोय!"

"काय मोजताहेत?"

"चार!"

मी त्यांना सांगितलं. भराभर सांगितलं, अर्धं उलटसुलट. अकरा वर्षं ड्रम्स आणि हेडफोन, अकरा वर्षं बीप, आणि बीप आली की चार मोजून यायचं. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी कळ दाबली आणि आम्ही दोघी काचेला नाक लावून त्याच्या बुटाकडे बघू लागलो. हिरवा. एक, दोन, तीन, चार. लाल. आवाज अगदी बारीक केला. हिरवा. एक, दोन, तीन, चार. लाल.

"अगं बाई!" डॉक्टरबाई म्हणाल्या. वीस वर्षं हे काम करतेय, पण असं कधी पाहिलं नाही, म्हणाल्या.

दादाला बाहेर बोलावलं.

"तुम्हाला सांगितलं होतं ना, आवाज आला की दाबा?"

"हो. दाबलं की मी. एकही चुकवली नाही."

"लगेच का नाही दाबलं?"

"लगेच कसं दाबणार?" दादाला हा प्रश्नच कळेना. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि मी चार बोटं वर केली. त्याच्या चेहऱ्यावर जे एकामागून एक येत गेलं ते मला लिहिता येणार नाही. शेवटी तो म्हणाला, "पण मी तर काही मोजलं नाही."

"तुझ्या पायानं मोजलं."

त्यानं स्वतःच्या बुटाकडे असं पाहिलं, जणू तो परक्याचा आहे.

पुन्हा आत गेला. या वेळी बाईंनी त्याला पाय स्टुलावर उचलून ठेवायला लावले. हिरवा, लाल. हिरवा, लाल. पाठोपाठ, एखादी शिवण सरळ पडत जावी तसे. मला डोळे पुसायला पिशवीत रुमाल सापडेना; सापडली ती मापाची टेप, तिनंच पुसले.

"दोन्ही कान उत्तम," बाई म्हणाल्या. "डावा कान अगदी वरच्या पट्टीत जरा कमी आहे. ते जुनं असणार, झांजांच्या शेजारी बसल्यामुळे. गाडी चालवायला त्याचा काही अडसर नाही. तिथलं यंत्र उशिरा दाबलेलं धरतच नाही, म्हणून तसं निघालं. डेपोला मी तसं लिहून देते."

"वरच्या पट्टीत म्हणजे किती वर?" दादानं विचारलं.

"खूप वर. बायकांचा आवाज फार चढला, तर त्याच्यातला टोकाचा बारकावा."

दादानं डाव्या कानाला हात लावला.

रस्त्यावर आल्याबरोबर मी मास्तरांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आणि पलीकडे किल्ली घासायचं यंत्र बंद झाल्याचा आवाज आला.

"म्हणजे," मास्तर म्हणाले, "तो माझं ऐकत होता?"

"हो मास्तर."

"अकरा वर्षं? मला वाटायचं तुमच्यातलं एकही माणूस माझं ऐकत नाही. नाही गं, हे फार झालं. मी आज दुकान लवकर बंद करतो."

वहिनीला दादानं स्वतः सांगितलं, स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून. मी मागे होते. ती हातातलं भांडं खाली ठेवून ऐकत राहिली. आधी रडली, मग तिला राग आला.

"म्हणजे पंधरा दिवस तुम्हाला सगळं ऐकू येत होतं?"

"हो, तसं यायचं."

"मी तुमच्या पाठीमागे आईंना काय काय म्हणाले, तेसुद्धा?"

"काय?" दादा म्हणाला.

वहिनीनं पोळपाट उचलला आणि आम्ही तिघंही हसत सुटलो. किती दिवसांनी त्या घरात टीव्हीपेक्षा माणसांचा आवाज मोठा झाला.

डेपोचं पत्र शुक्रवारी आलं, सोमवारपासून कामावर. शनिवारी दुपारी दादा दुकानात आला, त्याच स्टुलावर बसला. नवा शर्ट, दाढी गुळगुळीत.

"बारके, ठीकच निघालं म्हणायचं ना ते? डावा कान जरा कमी आहे, नाही का?"

"दादा."

"नाही, म्हणजे मी 'ठीक निघालं तर' म्हटलं होतं. पूर्ण ठीक कुठे आहे?"

मी शिवणयंत्र थांबवलं आणि त्याच्याकडे नुसतं पाहिलं. मला रागवता येत नाही, हे त्याला लहानपणापासून माहीत आहे. म्हणूनच तो ओशाळला.

"मी तिला बेसूर म्हटलं," तो हळू म्हणाला, "आणि नेमकं तिथलंच मला ऐकू येत नव्हतं. हे तोंडानं सांगायचं, म्हणजे..." त्यानं वाक्य सोडून दिलं. "पोहण्याचा तिचा वर्ग कधी सुटतो?"

"चार वाजता. मागच्या दारानं बाहेर येते, ओले केस घेऊन."

"तुला कसं माहीत?"

"तिच्या पँटची उंची मीच कमी करते."

तो उठला. "तू येतेस?"

"नाही."

त्यानं मान हलवली. कॉलर नीट केली, दारातल्या आरशात एकदा पाहिलं, पण केसांना हात लावला नाही. समोरच्या थांब्यावर बस उभी होती, तिकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही. झाडांच्या बाजूनं, पदपथ धरून, एकटाच चालत निघाला.