निरोग्यांच्या रांगेतला थेंब

लकडगंजच्या बाजूने येणारे ऊन आमच्या प्रयोगशाळेत एकदम शिरत नसे. आधी ते खिडकीच्या गजांपाशी थांबे, मग ओल्या ओट्यावरून सरकत पालथ्या घातलेल्या काचपट्ट्यांपर्यंत येई आणि प्रत्येकीच्या कडेला एक फिकट पिवळी रेघ ओढी. ब्याऐंशी साली खिडकीजवळचे टेबल नव्याने आलेल्या कृष्णकांतला मिळाले, आणि ते ऊन माझ्याआधी त्याच्याकडे जाते हे मला सलू लागले.

हत्तीरोगाच्या जंतांची पिल्ले रक्तात रात्रीच दिसतात. रात्री घेतलेले ते रक्त सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली न्याहाळणे हे माझे काम. कृष्णकांतने पुण्याहून नवी चाचणी आणली होती. दिवसा घेतलेल्या रक्ताची निवळ, म्हणजे गोठल्यावर वर सुटणारे पिवळसर पाणी, तीत औषधाचा थेंब. शरीर जंतांशी कधी झुंजले असेल, तर काचेवर बारीक दाणे धरत. पूर्वी माझ्या शेजारी बसून पट्ट्या रंगवणारी सुभद्रा आता त्या दाण्यांवर वाकलेली असे. मी तिच्या मानेकडे पाहत राही आणि पट्टीवरचे काही दिसेनासे होई.

चाचणीचा खरेखोटेपणा ठरवण्यासाठी निरोगी रक्तही लागे. रिवाजाप्रमाणे ते आम्हीच दिले. माझी पट्टी मीच तपासली होती; तीत एकही पिल्लू नव्हते. निरोग्यांच्या रांगेत एकाच थेंबात दाणे धरले. तो थेंब माझा होता.

इतका आनंद मला क्वचितच झाला असेल. चाचणी खोटी आहे, ती परत पाठवा, असे मी आमचे साहेब गोपाळराव यांना सांगितले. कृष्णकांतने वाद घातला नाही. त्याने माझा थेंब पुन्हा लावला. पुन्हा दाणे धरले. रोग जुना झाला की पिल्ले दिसेनाशी होतात, खूण मात्र राहते, एवढेच तो हळू आवाजात म्हणाला.

"तू कुहीचा ना गा, केशव?" सुभद्राने विचारले. "धानाच्या बांधीत, मच्छरांत वाढलेल्याले निरोगी म्हणून काहून बसवलं आपण?"

मी ओट्यावरची एक काचपट्टी पुसायला घेतली.

"अन् डाव्या चपलेचा पट्टा काहून सैल करून राहिला रोज?"

चप्पल चावते, असे मी म्हणालो. गोपाळरावांनी खाली पाहिले. ऊन एव्हाना फरशीवर, माझ्या दोन्ही पावलांवर आले होते.

माझा डावा पाय सुजलेला होता.