सुमोतली पुढची सीट

पप्पांच्या जुन्या डिझेल सुमोत पुढं बसायचं ते आपणच, हे बुद्धप्रियानं कधीच ठरवून टाकलं होतं. गाडी सोलापुराहून थेट बोधगयेला जायची होती, आणि तिच्या तयारीत पप्पांच्या जोडीला कोण राबलं? तेल बदललं तिनं, पट्टे तपासले तिनं, ग्रीस तर शाळेच्या वेणीलासुद्धा लागलं. आणि आता होटगीहून चुलतभाऊ संघपाल आला, खिशात नवंकोरं लायसन घेऊन. आल्या आल्या पप्पा त्याला म्हणाले, नवा डिझेल फिल्टर तू बसव. पोरीच्या अंगाची अशी आग झाली, की वर तवा ठेवला असता तर भाकरी भाजून निघाली असती.

पप्पा टायर आणायला गेले. संघपालनं फिल्टर बसवून किल्ली फिरवली. इंजिन नुसतं कुंथलं. परत फिरवली, परत तेच. बुद्धप्रिया पायरीवर कडक भाकरी आणि शेंगाचटणी खात बसली होती. फिल्टर बदलला की नळीत हवा शिरते, ती हातपंपानं बाहेर काढल्याशिवाय गाडी सुरू होत नाही, हे तिला पाठ होतं. काय चुकतंय गं, असं संघपालनं दोनदा विचारलंही.

"लायसन तुझ्याकडं हाय की," ती म्हणाली.

शेवटी बॅटरी उतरली. धक्का मारायला गल्ली जमली. पप्पांची आई, मीनाआजीसुद्धा पदर खोचून आली आणि ढकलता ढकलता दम लागून खाली बसली. बुद्धप्रियानं हातातली भाकरी खाली ठेवली, पण ती काही उठली नाही.

उठली ती पप्पा आल्यावर, अन् थाटात. फिल्टरवरचा स्क्रू सैल केला, पंप दाबत राहिली. आधी फेस आला, मग स्वच्छ डिझेल. स्क्रू आवळून तिनं फर्मान सोडलं, मारा आता धक्का. गाडी काळा धूर ओकत सुरू झाली.

"तुला आधीच कळलं होतं?" पप्पांनी विचारलं.

"पहिल्या झटक्यालाच."

पप्पा धापा टाकणाऱ्या आजीकडं बघत राहिले. "वाटेत गाडी कुरकुरली तर शेजारी बसणाऱ्यानं मला सांगायला पायजे, प्रिया. ह्याला येत न्हाय, पण हा विचारतो तरी. तू मागं बस. आणि निघायच्या आधी ह्याला सगळं शिकव."

संघपाल लगेच पुढं बसला आणि सीट मागं सरकवून त्यानं पाय ऐसपैस लांब केले. ते बघून तिचा नुसता जळफळाट झाला. तरी आधी तिनं आजीला पाणी नेऊन दिलं.

संध्याकाळी तिनं त्याला बॉनेटपाशी उभं केलं. पंप दाखवला, स्क्रू दाखवला, काही म्हणजे काही लपवलं नाही. आजी त्याच गाडीत बसणार होती. त्याला पहिल्याच खेपेला जमलं, तेही तिला सोसेना.

"अजून एकदा कर," ती म्हणत राहिली, त्याची पांढरी पँट डिझेलनं माखेस्तोवर.