हवालदाराचे बूट

मीच म्हटलं ना, "बूट काढा!" परवा शिमग्यात, सगळ्या गावासमोर. जीभ झडली असती माझी तर बरं झालं असतं.

पण मला मेलीला काय ठाऊक? जर्मनची लढाई संपली आणि आमचे हे पेन्शन घेऊन घरी आले. भागोजी म्हणून गेले, हवालदार होऊन आले. सावर्ड्याच्या बाजारात वाणी उठून "या हवालदार" म्हणायचा. खोत ओटीवर घोंगडी टाकायचा ह्यांच्यासाठी! आमच्या सात पिढ्यांत असला मान कुणी बघितलाय? मी तर फुगलेच. विहिरीवर गेले की घागर बाजूला आणि तोंड सुरू. "माझा माणूस बघा गो, धडधाकट आला. एक ओरखडा नाही अंगावर!" तुळसा तिथंच दोर ओढत असायची. तिचा नवरा महिपत ह्यांच्याच पलटणीत होता, तो परत आला नाही. तिच्या देखत बोलायचे मी हे.

बूट मात्र ह्यांच्या पायातून सुटत नव्हते. झोपताना मोजे. अंघोळ ओढ्यावर, एकट्यानं, उजाडायच्या आत. चाल थोडी ताठ. मला वाटलं, साहेबी सवय लागली. कौतुकच वाटायचं, खरं सांगते.

शिमगा आला. देवीच्या पालखीचा पुढचा खांदा आमच्या घराचा, आजेसासऱ्यांपासूनचा. सासरे गेल्यावर चुलतदीर सखाराम तो मान सांभाळत होता, पण भागोजी येईपर्यंतच, असं गावकीत ठरलेलं. हे म्हणाले, "सखारामलाच नाचवू दे पालखी. मला अंगात कणकण आहे."

मी कपाळाला हात लावून बघितला. चांगलं गार होतं.

"अहो, घराचा मान सोडता? लोक काय म्हणतील?" मीच ट्रंकेतून गणवेश काढून दिला, छातीवर पदकं लावली.

पालखी उचलायची वेळ झाली. हे पुढं झाले. गुरव म्हणाला, "हवालदार, तेवढे बूट..." हे आपले उभेच. ढोल थांबला. मागून कुणीतरी बोललं, "पलटणीत काय गेला, आता देवीपुढं पण बूट!" बायका खिदळल्या. तुळसा तेवढी हसली नाही. माझ्या अंगाची लाही लाही झाली. पुढं होऊन ओरडले, "काढा ना बूट! लाज घालवता की काय आमची?"

त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं. मग खाली बसले, नाड्या सोडल्या, मोजे काढले. डाव्या बुटातून चिंध्यांचा बोळा बाहेर पडला. त्या पायाला बोटं नव्हती. एकसुद्धा नाही.

अंगात व्यंग असलेल्याचा खांदा देवीला चालत नाही, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. गुरव खाली बघायला लागला. मान सखारामच्या घरी गेला तो गेलाच. आमच्या घरात दुसरं आहे कोण? हे पलटणीत, मी इथं, पोर कुठून होणार होतं?

ढोल पुन्हा वाजायला लागला. पालखी सखारामच्या खांद्यावर नाचत पुढं गेली आणि सगळा गाव तिच्यामागं. आम्ही दोघंच राहिलो. मी धुळीत ह्यांच्याशेजारी बसले. बोळा उचलून हातात दिला.

"कुठं झालं हे?"

"तिकडं इराकात, बसऱ्याच्या वरच्या अंगाला, खंदकात. थंडीत बोटं सडली, डाक्टरनं कापली. पेन्शन त्याचीच आहे, काशी."

मला रडू फुटलं. "मग मला तरी सांगायचं होतंत! मी काय परकी?"

ते नाडी बांधत होते. वर न बघता म्हणाले, "आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी सांगणार होतो. तुला शोधत विहिरीवर आलो होतो. तू तुळसाला सांगत होतीस, एक ओरखडा नाही म्हणून."