खाडीपलीकडचा टी-शर्ट

वासिफ नवा निळा टी-शर्ट घालून बाहेरच्या खोलीत आला, तेव्हा त्याचे अब्बा चहात बिस्कीट बुडवत होते. त्यांनी शर्टाच्या छातीवरची अक्षरं वाचली आणि बिस्कीट कपातच राहिलं.

"कसा दिसतो? कासममामूंनी दिला," वासिफ म्हणाला. "साइज एकदम परफेक्ट आहे."

छातीवर लिहिलं होतं, पाखाडबंदर. पाखाडबंदर हे माझं माहेर आणि कासम माझा धाकटा भाऊ. चहा पीत बसलेले माझे नवरोजी मोहिद्दीन मात्र समोरच्या काठावरच्या सुरंगखोलचे. दोन्ही गावं रत्नागिरीच्या किनाऱ्याला, मध्ये फक्त एक खाडी. होडीत बसून विडी पेटवली तर ती संपेपर्यंत माणूस पलीकडे पोचतो. या खाडीवरून सोयरिकी झाल्या, मासळीचे व्यवहार झाले, पण क्रिकेट आलं की ती खाडी एकदम समुद्राएवढी रुंद होते.

"छान आहे," हे म्हणाले आणि चमच्यानं कपातलं बिस्कीट शोधायला लागले.

मी आत जाऊन गॅस बंद केला. हा माणूस चिडला की सगळ्या मजल्याला ऐकू जातं. दुखावला गेला की सभ्य होतो. इतक्या वर्षांच्या संसारात मी त्यांचं ओरडणं कधी मनावर घेतलं नाही, पण 'छान आहे' ऐकलं की मी हातातलं काम थांबवते.

हे इथं अमिरातीत, रुवैसच्या रिफायनरीत पंप मेकॅनिक. आठवडाभर तिकडे कॅम्पात राहायचं आणि शुक्रवारी संध्याकाळी डिस्कव्हरी गार्डन्सच्या आमच्या फ्लॅटवर यायचं, असं अर्धं आयुष्य गेलं. आठवडाभर पंपांचा आवाज ऐकणाऱ्या माणसानं सुट्टीला पाय पसरून झोपावं की नाही? नाही. सुट्टीला यांची टीम. अजमानला थंडीच्या दिवसांत आमच्या कोकणातल्या गावांची टेनिस बॉलची स्पर्धा असते, आणि तिथली सुरंगखोलची टीम म्हणजे हेच. पोरांना फोन करून उठवायचं, गाड्या ठरवायच्या, हरल्यावर सगळ्यांना बिर्याणी खिलवायची. स्वतः कधी धड बॅट धरली नाही, पण टीम उभी राहिली नाही असं एकदाही झालं नाही.

स्पर्धेचा नियम जुना होता. ज्या गावचा बाप, त्या गावचा पोरगा. पैसे देऊन बाहेरचा खेळाडू आणायचा नाही, जावयालासुद्धा सासरच्या टीममध्ये घ्यायचं नाही. पण इथं जन्मलेली पोरं खेळायला येईनात, टीम ओस पडायला लागल्या, म्हणून यंदा कमिटीनं ठरवलं की आजोळचं गावही चालेल. मीटिंगमध्ये या ठरावाला पहिला हात कोणी वर केला? यांनीच. आपल्या गावच्या लेकींची मुलं आता आपल्याकडे येतील, असा यांचा हिशोब होता. आपल्या घरातही एक मुलगा आहे आणि त्यालाही आजोळ आहे, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. पाखाडबंदरची टीम सांभाळणाऱ्या माझ्या भावाच्या मात्र लगेच आलं.

वासिफ ऑफिसच्या टीमकडून खेळतो, बॉलिंग झकास टाकतो. पण अब्बांनी त्याला कधी विचारलं नव्हतं. "गावासाठी खेळायला कोणी दावत देतं का? ज्याला आतून वाटेल तो येईल," असं म्हणायचे आणि वाट बघायचे. कासमनं वाट बघितली नाही. त्यानं फोन केला, टी-शर्ट दिला, विषय खलास.

अब्बा नमाजला खाली गेले तेव्हा मी पोराला स्वयंपाकघरात बोलावलं. आमची लेक नबिला ओट्याला टेकून उभी होती. ती अमेरिकेत अलाबामाला शिकते, सुट्टीवर आली होती.

"तुला कळतंय का तू काय केलंस?" मी विचारलं.

"अम्मी, इट्स जस्ट वीकेंड क्रिकेट," वासिफ म्हणाला. "मामूंनी विचारलं, मी हो म्हटलं. अब्बांनी विचारलं असतं तर त्यांना हो म्हटलं असतं. व्हॉट्स द बिग डील?"

"ब्रो, नो," नबिला म्हणाली. "माझ्या रूममेटच्या घरी जाऊन बघ. तिचे डॅड एका कॉलेजच्या फुटबॉल टीमचे, मम्मी दुसऱ्या कॉलेजची. घरासमोर दोन झेंडे. त्या दोन टीमची मॅच असली की डॅड गॅरेजमध्ये बसून बघतात, मम्मी हॉलमध्ये."

"दोघं त्या कॉलेजांत शिकलेत?" मी विचारलं.

"नाही ना. डॅड ट्रक चालवतात. कॉलेजमध्ये कधी गेलेच नाहीत."

"देन व्हाय?" वासिफ म्हणाला.

"माझी न्यूयॉर्कची फ्रेंड पण हेच विचारते. तिला नाही कळत. तिच्या सिटीचं नाव तर रोज टीव्हीवर असतं, मोठमोठ्या टीम आहेत. अलाबामाच्या लोकांकडे तसलं काही नाही. कोणी त्यांचं नाव घेतलं तर चेष्टा करायलाच. फक्त सॅटर्डेला, या मॅचेस असतात तेव्हा, सगळा देश त्यांचं नाव नीट घेतो. म्हणून."

मला अमेरिकेतलं फुटबॉल कळत नाही. त्यात पायानं कमी आणि हातानंच जास्त खेळतात म्हणे. पण तो ट्रक चालवणारा माणूस मला लगेच कळला. पुण्याच्या माणसाला पुण्याचं नाव ओरडावं लागत नाही. आमच्या यांना इथं कोणी गाव विचारलं आणि यांनी सुरंगखोल सांगितलं, की समोरचा विचारतो, जवळचं मोठं स्टेशन कुठलं? सगळ्या अमिरातीत ते नाव एकाच ठिकाणी ऐकू येतं, अजमानच्या त्या मैदानावर, लाउडस्पीकरवरून. खेळाडूच्या नावामागे गाव पुकारायची तिथं पद्धत आहे. ते ऐकायला हा माणूस रुवैसहून येतो. माझ्या मुलांना गाव म्हणजे उन्हाळ्यात आंब्याच्या पेट्या येतात ती जागा. दोष त्यांचा नाही. आम्हीच कधी महिनाभर नेऊन ठेवलं नाही.

मी हे सगळं बोलून टाकलं. बोलताना आवाज थोडा चढला असेल.

वासिफ शर्टाचं टोक चिमटीत धरून उभा राहिला. "मामूंना नाही म्हणून सांगू का मग?"

"शब्द दिलायस. आता मोडलास तर माझ्या माहेरी मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

"पण अब्बांकडे दहाच जण आहेत. अकरावा कोण?"

मी बेडरूमकडे मान केली. पलंगावर यांचा जुना हिरवा टी-शर्ट पडला होता. सकाळीच त्यांनी तो घालून बघितला होता आणि पोटावरून खाली ओढता ओढता घामाघूम झाले होते. मार्चमध्ये यांची नोकरी संपते, व्हिसा संपतो, आम्ही दोघं गावी जाणार. त्यांच्या मागे ही टीम कोणी सांभाळेल असं वाटत नव्हतं. शेवटच्या वर्षी टीम मैदानात उतरलीच नाही असं होऊ नये, एवढंच त्यांना हवं होतं.

रविवारी सकाळी आम्ही सगळे एकाच गाडीतून अजमानला गेलो. बाप हिरव्यात, लेक निळ्यात. शारजापर्यंत ट्रॅफिकवर बोलणं झालं, पुढे तेही संपलं.

मॅच सुरंगखोल आणि पाखाडबंदरचीच होती, आणि यांच्या टीमनं अब्रू राखली. शेवटची ओव्हर आली तेव्हा जिंकायला थोड्याच धावा हव्या होत्या, पण एकच गडी उरला होता. लाउडस्पीकर म्हणाला, "आता बॅटिंगला येत आहेत मोहिद्दीनचाचा, गाव सुरंगखोल." सगळ्या मैदानानं टाळ्या वाजवल्या, पाखाडबंदरवाल्यांनीसुद्धा. हे पोट आत ओढून चालत गेले. आणि कासमनं बॉल दिला वासिफच्या हातात. माझा भाऊ म्हणून सांगत नाही, पण तो लहानपणापासून असाच आगाऊ आहे.

वासिफ पाणी प्यायला आमच्या बाजूला आला. मी हळूच म्हटलं, "हळू टाक रे. त्यांची कंबर बघ."

"डोंट यू डेअर," नबिला त्याला म्हणाली.

तो दोघींकडे बघून परत गेला. लांबून धावत आला. बॉल कधी आला ते मला दिसलंच नाही, मधली दांडी उडून मागे पडली तेवढी दिसली. निळे टी-शर्ट नाचायला लागले. मी पाखाडबंदरची, तरी माझ्यानं टाळी वाजवली गेली नाही. वासिफ पण नाचला नाही. मध्येच उभा राहिला, काच फोडलेल्या पोरासारखा.

हे त्याच्यापर्यंत चालत गेले आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. काय म्हणाले ते नबिलानं मला नंतर सांगितलं. म्हणाले, "हळू टाकला असतास तर घरात घेतलं नसतं तुला."

मग आमच्याजवळ येऊन खुर्चीवर बसले, लबनची, म्हणजे इथल्या ताकाची, बाटली एका दमात संपवली. चेहरा खुललेला होता. हे रुवैसहून आल्यापासून पहिल्यांदाच मला बरं वाटलं. "काय बॉल होता," म्हणाले. "तिथं कोणीही असता तरी गेला असता." आणि बूट काढून पाय चोळायला लागले.

बक्षीस समारंभाला वासिफचं नाव पुकारलं. "मॅन ऑफ द मॅच, वासिफ मोहिद्दीन, गाव पाखाडबंदर." तो चषक घ्यायला गेला आणि त्यानं कमिटीवाल्याचा माइक मागितला. माझ्या पोराला चार माणसांत मराठी बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"एक मिनिट," तो म्हणाला. "पाखाडबंदर माझ्या मामूंचं गाव. थँक यू, मामू. माझं गाव सुरंगखोल. नेक्स्ट इयर मी तिकडून खेळणार. अब्बा मार्चमध्ये जाणार, तर टीम मी बघणार. ज्यांना खेळायचंय त्यांनी मला मेसेज करा, प्लीज. सॉरी, माझं मराठी वीक आहे."

हिरव्या टी-शर्टवाल्यांनी शिट्ट्या मारल्या. कासमनं कपाळावर हात मारला, पण तोही हसत होता.

मी यांच्याकडे बघितलं. ते अजून खाली वाकून पाय चोळत होते. स्पीकर आमच्या डोक्यावरच होता, अर्ध्या अजमाननं ऐकलं असेल.

"काय म्हणाला तो?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"म्हणाला, माझं गाव सुरंगखोल."

त्यांनी बूट उचलला. मग बुटाची नाडी हातात धरून म्हणाले, "परत सांग."

मी परत सांगितलं.