तनुजाच्या नावातला डॅश

कंपन्यांना कामगार पुरवणाऱ्या आमच्या चिखलीच्या ऑफिसातला नोंदणीचा फॉर्म मी बनवलाय. जावास्क्रिप्ट मी भाकऱ्या भाजता भाजता मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकले. लोक इंग्रजीत नाव टाकताना कॅपिटलची फिकीर करत नाहीत, म्हणून चार ओळी लिहिल्या: आधी सगळी अक्षरं लहान, मग सुरुवातीचं आणि प्रत्येक स्पेसनंतरचं पहिलं अक्षर मोठं. घरातल्या सगळ्यांची नावं टाकून तपासलं. आमचे कंत्राटदार हिंदुराव म्हणाले, "वासंतीताई, तुम्ही तर इंजिनियर झालात की!" मीही हुरळले.

आमच्या घरात कुणाच्या नावात डॅश नव्हता.

सोमवारी पावणेआठला चाकणहून तनुजाचा फोन. "ताई, गेटवर अडवलंय. मशीन नावच घेईना." आयटीआय केलेली पोरगी. दोन वर्षं हेल्परकी केल्यावर कुठे मशीनवरच्या ट्रेनिंग बॅचला लागली होती. बॅच आठची. सर्टिफिकेट माहेरच्या नावावर, आधार सासरच्या, म्हणून ती जगताप-शितोळे लिहायची. माझ्या फॉर्मनं डॅशनंतरचा एस बारका करून पाठवला होता, आणि कंपनीचं मशीन ते तिच्या ट्रेनिंगच्या पासवरच्या नावाशी अक्षराला अक्षर जुळवून बघत होतं.

"सिक्युरिटीला सांग ना, एका अक्षराचा फरक आहे म्हणून."

"सांगितलं. म्हणतो, मॅडम, तुमचं बारसं आम्ही नाही केलं."

दुरुस्ती एका ओळीची निघाली. डॅश, टिंब, वरचा स्वल्पविराम, यांच्यानंतरचंही अक्षर मोठं. हिंदुरावांनी यादी परत पाठवली तोवर सव्वादहा वाजले. तिची जागा राखीव यादीतल्या कुणाला तरी गेली होती. पुढची बॅच यंदा नाही.

गुरुवारी ती दुसऱ्या कंपनीसाठी फॉर्म भरायला आली. मी खुर्ची दिली, चहा सांगितला. आणखी काय देणार? तिनं नाव टाकलं: तनुजा शितोळे.

"अगं, आता डॅश चालतो. पन्नास नावं टाकून बघितलीत मी."

"असू दे, ताई."

"मग आयटीआयचं सर्टिफिकेट जुळणार नाही की!"

"दहावी पास टाकते. हेल्परला तेवढं बास."

"वेडी आहेस का? केवढी घासलीस त्या कागदासाठी."

"गेटवर तुम्ही नव्हता उभ्या," ती म्हणाली. रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं.

तिनं दहावी निवडलं, सबमिट दाबलं. फॉर्मनं एकही चूक दाखवली नाही.