लांबट विहीर

तामलवाडीतल्या वडिलांच्या जागेची वाटणी झाली. रस्त्याकडचा अर्धा भाग माझ्या भावाला, योगीराजदादाला आणि विहिरीसकट मागचा अर्धा मला. माझ्या भागाचा नकाशा दादानंच काढून पाठवला. धाराशिवात मोजणीचे नकाशे काढणं हा त्याचा धंदाच, म्हणून मी डोळे झाकून वाटणीपत्रावर सही केली.

मग तिथं बांधायच्या घराचं मॉडेल करायला तो नकाशा कॉम्प्युटरवर घेतला. मागची भिंत चाळीस फूट आहे, हे मला ठाऊक होतं. त्या मापावर अख्खा नकाशा बसवला. लांबी साठ फूट आली, वाटणीपत्रात होती तेवढीच.

फक्त विहीर गोल नव्हती. अंड्यासारखी लांबट दिसत होती.

आमची विहीर परातीसारखी गोल आहे. याच दादानं मला तिच्यात ढकलून पोहायला शिकवलं होतं. मेल्यानं नकाशा एकाच बाजूनं खेचला होता! विहीर गोल होईस्तोवर मी तो परत दाबत आणला, तर माझी जागा पन्नास फुटांतच संपली. उरलेले दहा फूट दादानं गिळले होते.

मी फोन लावला. "दादा, आपली विहीर कधीपासून लांबट झाली?"

तो उलट माझ्यावरच उखडला, "सख्ख्या भावाच्या नकाशाला माप लावतीस व्हय गं?"

"न्हाय ना लावलं," मी म्हणाले. "म्हणून तर सही केली."