माझ्या वाट्याचा मुरूम

पाटीवर लिहिलं होतं, ‘निसर्गाने घडवलेला सायकल मार्ग’. वाचून माझं डोस्कं असं भणाणलं का विचारू नका. निसर्गानं घडवला म्हणे! अन् आम्ही काय तिथं झोपा काढत होतो?

आमचा तुमडीटोला म्हणजे लहानशी वस्ती, पण तलाव मोठा आहे. त्याच्या पाळीवरून, म्हणजे मातीच्या बांधावरून वाट जाते, पुढं सागवानाच्या जंगलात शिरते अन् हायस्कूल आहे त्या गावाले निघते. पावसाळ्यात पाण्यानं अन् गुरांच्या खुरांनी त्या वाटेचा नुसता राडा होते. म्हणून धान कापून झालं का टोल्यातल्या हरेक घरानं पाळीचा आपला आपला वाटा भरायचा. पळसापासून मोठ्या दगडापर्यंत आमचा, त्याच्या पुढं सत्यभामाबाईचा, असं थेट जंगलापर्यंत. डोक्यावर मुरूम वाहायचा, टाकायचा, ठोकायचा. माझी सासू करत होती, तिच्या मागं मी करते. कोणी पगार देत नाही, कोणी शाबासकी देत नाही. नाही केलं तर मात्र अख्खा टोला तोंडावर बोलते.

ती गुळगुळीत वाट गोंदियाच्या पर्यटनवाल्यांच्या डोळ्यात भरली. मोटार नाही, धूर नाही, तलावावर पाखरं. शहरातले लोक इथं सायकल चालवाले येतील म्हणे. या ना बापा, आम्ही कुठं नाही म्हटलं? पण त्यांनी पाळीच्या तोंडाशी लोखंडी फाटक ठोकलं, त्याच्यावर ती पाटी लावली, गुड्डू नावाचा चौकीदार बसवला, अन् आमच्याच पोरींले अडवलं.

‘‘हेल्मेट नहीं, बुकिंग नहीं. अंदर नहीं जाने का,’’ गुड्डू म्हणे.

माझी रीना अकरावीत आहे. टोल्यातल्या सगळ्या पोरी सायकलीनं, घोळक्यानं पाळीवरूनच शाळेत जातात. दुसरा रस्ता डांबरी आहे, अन् त्याच्यावर रेतीचे टिप्पर कसे बेफाम पळतात. मागच्या साली सत्यभामाबाईच्या चंदाले तिथंच टिप्परनं उडवलं. पोरगी वाचली, पण अजून लंगडते. तवापासून टोल्यातली कोणतीच माय पोरीले डांबरीवर पाठवत नाही.

फाटक लागलं अन् रीना अर्ध्या वाटेतून घरी परत आली. दुसऱ्या दिवशीही आली. तिचा बाप मनीराम गरीब स्वभावाचा माणूस. तो बोलला, ‘‘रीनाची माय, राहू दे शाळा. टिप्परखाली जाण्यापेक्षा घरी बसली बरी.’’

रीनानं दप्तर खुंटीले अडकवलं अन् भांडे घासाले बसली. मले पाचवीतून घरी बसवलं होतं, तवा मीही अशीच मुकाट भांडे घासत होती. मनात म्हटलं, शामकला, तुझं गेलं ते गेलं. हिचं जाऊ देशील तर तू कसली माय?

मी गुड्डूच्या पाया पडली, पर्यटनवाल्यांच्या साहेबाले फोन लावला, सरपंचाच्या दारात बसली. सगळे एकच म्हणत, पाहू. मंग उद्घाटनाचा दिवस आला. फाटकाले झेंडूचे हार, मंडप, स्पीकर, अन् रंगीबेरंगी घट्ट कपड्यातले सायकलवाले. मी कुदळ-घमेलं घेतलं अन् शेताकडून पाळीवर चढली. तिथून माणूस चढते, सायकल नाही चढत. आपल्या वाट्यावर गेली अन् घातली कुदळ मुरमात.

फाटकापासून हिमांशू साहेब पळत आला. हा त्या पर्यटनवाल्यांचा मुख्य, पोरगेलासाच होता.

‘‘मावशी! काय करताय?’’

‘‘माझा मुरूम घरी नेऊन राहिली.’’

‘‘अहो, रस्ता खराब होईल!’’

‘‘रस्ता तर निसर्गानं घडवला ना? निसर्गाचा राहू द्या. माझा तेवढा मी नेते.’’

‘‘ही सरकारी जागा आहे.’’

‘‘असंन. पाळीच्या मातीले मी बोट लावत नाही. वरचा मुरूम माझ्या डोक्यावर आला, माझ्या डोक्यावर जाईल.’’

पाळ फुटली तर आमचंच धान बुडते, एवढी अक्कल मले आहे. मी वरचाच थर काढत होती. खालून पावसाळ्यातले खड्डे वर आले, खुरांचे, हातहात खोल. तेवढ्यात सत्यभामाबाई घमेलं घेऊन चढली. ‘‘काऊन वो, एकटीच नेतेस? माझा वाटा का वाऱ्यावर सोडू?’’ तिच्या मागं वच्छला आली, तिच्या मागं आणखी बाया. पाहता पाहता पाळभर कुदळी वाजाले लागल्या. एक सायकलवाला हुशारी करून पुढं आला अन् त्याचं बारीक चाक खड्ड्यात असं फसलं का दोघांनी ओढून काढलं. बाया खदाखदा हसल्या.

मनीराम धावत आला. ‘‘अवं, लोक पाहून राहिले!’’

‘‘पाहू द्या. पाहाले पैसे भरले त्यांनी.’’

साहेबानं घाम पुसला. मंडपात पाहुणे ताटकळत होते. तो हळूच बोलला, ‘‘मावशी, तुमच्या मुलीला पास देतो. आत्ता. बाकीच्या मुलींचं पुढे बघू.’’

‘‘घे ना,’’ मनीराम म्हणे.

खोटं कायले बोलू? माझं मन डळमळलं. ज्याच्यासाठी हे सगळं, ते साहेब हातावर ठेवत होता. फाटकापल्याड रीना सायकल धरून उभी होती, अन् तिच्या बाजूले चंदा, वाकड्या पायावर जोर न देता.

‘‘चंदा कुठून जाईल, साहेब?’’

‘‘म्हटलं ना, पुढे बघू.’’

‘‘डांबरीवर काय होते ते तिनं पाहून झालं आहे,’’ मी बोलली अन् घमेलं भरलं.

साहेबानं मंडपाकडं पाहिलं, खड्ड्यांकडं पाहिलं, अन् ओरडला, ‘‘गुड्डू, खोल दे! सब को जाने दे!’’

फाटक उघडलं. साहेब माझ्याकडं वळला. ‘‘आता तरी टाका तो मुरूम.’’

‘‘आधी पोरी.’’

बाया आपापल्या वाट्यावर भरली घमेली डोक्यावर घेऊन उभ्या राहिल्या. पोरी एकामागून एक निघाल्या. खड्ड्यातून सायकली ढकलाव्या लागल्या, सँडल माखले, पण एकीनंही तोंड वाकडं केलं नाही. मान तुटाले आली होती माझी. ‘‘टाकू का वो?’’ सत्यभामाबाई विचारे. ‘‘थांब,’’ मी म्हणे. रीना माझ्याजवळून गेली, पण पुढं पळाली नाही. चंदाले पुढं घालून तिच्या मागं चालत राहिली. जंगलाच्या तोंडाशी चंदा सायकलवर चढली, मंग रीना. दोघी सागवानाआड गेल्या, तवा मी घमेलं खाली उतरवलं अन् मुरूम ओतला.

मी मुरूम ठोकत होती, तवा साहेब बाजूले येऊन उभा राहिला. ‘‘मावशी, तुमच्या घमेल्यात अर्धा मुरूम उरलाय अजून.’’

‘‘उरला नाही, ठेवला आहे,’’ मी बोलली. ‘‘पोरी संध्याकाळी परत यायच्या आहेत ना.’’